लहानू नाबाद

१

आठ जणांच्या संघाला ‘इलेव्हन’ म्हणायचं धाडस फक्त ‘गोदाम इलेव्हन’नेच करावं. सातपूरच्या मागे, वसाहत संपते तिथं, कांद्याच्या गोण्या ठेवायचं एक पत्र्याचं गोदाम होतं. मालकाला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, पण २००५ साली त्याने आत चारी बाजूंनी आणि वरूनही नायलॉनची जाळी ताणली, खाली हिरवी मॅट अंथरली आणि दारावर ‘इनडोअर क्रिकेट’ अशी पाटी ठोकली. ऊन तापलं की जमिनीतून अजूनही कांद्याचा वास यायचा. तरी दर रविवारी सकाळी तिथं ही झुंबड उडायची. कारखान्यांचे संघ यायचे, येवल्याहून पैठणी विणणाऱ्यांचा संघ पहिली एसटी पकडून यायचा, देवळाली कॅम्पचे जवान तर शिस्तीत ओळ करून आत शिरायचे.

नवनाथ या संघाचा खेळाडू नव्हता. गुडघा गेल्यापासून तो संघाचा आकडेवाला होता. आठवडाभर अंबडच्या एका कारखान्यात तो बोल्टांचे व्यास मोजायचा आणि रविवारी धावा मोजायचा. मोजण्याची हौस फिटतच नव्हती त्याची. गोदामाच्या दारावर एक लाकडी माळा होता, पूर्वी मुनीम तिथं बसून गोण्या मोजायचा. आता तिथं नवनाथ बसायचा, मांडीवर तक्ता आणि कानावर पेन्सिल. जानेवारी २००७ मध्ये त्याने इंटरनेटवर ब्लॉग सुरू केला, ‘गोदामाचे आकडे’. सहा महिन्यांत दोनशे बारा जणांनी तो पाहिला होता. त्यातले दीडशे तो स्वतःच होता, पण ते आपण सोडून देऊ.

खेळ साधा होता. आठ गडी, चार जोड्या, प्रत्येक जोडीला चार षटकं. बाद झालात तर पाच धावा वजा, पण खेळत राहायचं. संघात एक गडी कमी असेल तर त्याच्या जागी कोणी दुसऱ्यांदा खेळायचं, ते समोरचा कप्तान ठरवणार. साहजिकच तो सगळ्यात कच्चा गडी निवडणार. आणि त्या जागेचं नाव गुणलेखकाने माळ्यावरून पुकारल्याशिवाय पंच शेवटच्या जोडीला खेळू देत नसे.

गोदाम इलेव्हनला एक गडी कायमचाच कमी होता. नोंदणीच्या कागदावर मात्र आठ नावं लागत, म्हणून आठव्या ओळीत ‘लहानू’ असं लिहून टाकलं होतं. लहानू नावाचा कोणी नव्हता. हे नाव सुचवलं कोणी, हेही कुणाला आठवत नव्हतं.

२

लहानूचं पान करायचं नवनाथच्या मनात आलं ते निव्वळ गंमत म्हणून. जूनमधली शनिवारची दुपार होती. कारखान्याला सुट्टी होती आणि सायबर कॅफेतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तो ठाण मांडून बसला होता. प्रत्येक खेळाडूचं एक पान होतं: कप्तान जीवन, नवा आलेला निवृत्ती, नवनाथचा धाकटा भाऊ समाधान, आणि बाकीचे. मग लहानूनेच काय घोडं मारलंय? त्याच्या जागी कधी हा खेळला, कधी तो. सगळ्यांच्या धावा एकत्र करू आणि लावू फोटोऐवजी प्रश्नचिन्ह. लोक हसतील.

त्याने बेरीज केली. चौदा सामने, एकशे एकाहत्तर चेंडू. बाद: शून्य.

नवनाथ खुर्चीत ताठ झाला. त्याने पुन्हा मोजलं. एकशे एकाहत्तर चेंडू, खेळणारे सहा वेगवेगळे गडी, तेही समोरच्या कप्तानाने मुद्दाम निवडलेले कच्चे, आणि एकदाही कोणी बाद नाही! स्वतःच्या नावावर हेच गडी दर आठव्या-नवव्या चेंडूला बाद होत होते.

“अरे वा रे वा!” तो मोठ्याने म्हणाला. शेजारी नोकरीचा अर्ज भरत बसलेल्या मुलीने चमकून पाहिलं.

कारणं त्याच्याकडे तयार होती, तो काही खुळा नव्हता. दुसऱ्यांदा खेळताना नजर बसलेली असते. शेवटच्या जोडीपर्यंत गोलंदाज दमतात. पण मग समोरच्या संघांच्या शेवटच्या जोड्या का बाद होत होत्या? हे त्याने लिहून ठेवलं आणि पुढे उद्गारचिन्ह दिलं. त्याला भीती वाटली नाही. त्याला झाला तो हर्ष, पेटीत हात घालावा आणि जगावेगळा बोल्ट सापडावा तसा. त्या दिवशी ब्लॉगवर शीर्षक झळकलं: ‘आमचा सर्वोत्तम फलंदाज अस्तित्वात नाही!’

३

पुढच्या रविवारी तो माळ्यावर चढला तेव्हा हात शिवशिवत होते. समोरच्या कप्तानाने लहानूच्या जागी समाधानला निवडलं. समाधान तेवीस वर्षांचा, कुरियर कंपनीत कामाला, पळायला चपळ आणि फलंदाजीत यथातथा. गेले काही सामने दर वेळी तोच निवडला जात होता.

“लहानू!” नवनाथने पुकारलं आणि पंचाने हात खाली केला.

नवनाथ डोळ्यांत तेल घालून बघत होता, आणि ऐकतही होता. जाळीच्या दोऱ्या करकरत होत्या, मॅटवर बूट धपधपत होते. दोन माणसं पळाली की बुटांचे दोन ठेके येतात आणि एकदम थांबतात. निवृत्ती आणि समाधान पळाले. दोन ठेके आले, थांबले. मग एक ठेका उरला, तीन-चार पावलांचा, आणि तोही थांबला.

पत्र्याचा घुमारा, दुसरं काय. पण पहिल्या तीन जोड्यांच्या वेळी पत्रा घुमला नव्हता, हेही त्याने तक्त्याच्या कडेला लिहिलं.

सामना जिंकला. बाहेर टपरीवर चहा आला.

“समाधानबरोबर पळायला मजा येते राव,” निवृत्ती म्हणाला. “चेंडू बॅटला लागायच्या आत हाक देतो. मी डोळे झाकून पळतो.”

“मी कुठं हाक देतो? हाक तूच देतो ना!” समाधान म्हणाला.

“चल, काहीही सांगतो का?”

दोघं एकमेकांकडे पाहून हसले. बाकीचेही हसले. नवनाथही हसला, पण त्याचा चहा गार होईपर्यंत हातातच राहिला.

४

अंतिम सामना ठरला, देवळाली कॅम्पशी. आता नवनाथला राहवेना. ब्लॉग सुरू व्हायच्या आधीचे, २००६ चे तक्ते घरी एका खोक्यात पडून होते. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आल्या आल्या त्याने ते जमिनीवर पसरले. लहानू तेव्हा कसा खेळत होता, एवढंच बघायचं होतं.

लहानू तेव्हाही बाद झालेला नव्हता. पण त्या तक्त्यांत अजून एक नाव होतं: मंगळू.

एकोणीस सामने. अक्षर नवनाथचं स्वतःचं. एका तक्त्याच्या कडेला तर त्याने लिहिलं होतं, ‘मंगळ्या, काय झेल घेतलास रे!’

नवनाथला मंगळू नावाचा कोणी आठवेना. चेहरा नाही, आवाज नाही, काही नाही. त्याने समाधानला हाक मारली.

“कोण मंगळू?” समाधान म्हणाला. “आपल्यात नव्हता कोणी.”

“एकोणीस सामने खेळलाय तो आपल्याकडून!”

“दादा, तू ते बोल्ट मोजून मोजून...” समाधानने डोक्याजवळ बोट फिरवलं आणि तो बूट पुसायला लागला.

नोंदणीच्या जुन्या कागदावर मंगळूच्या नावापुढे मखमलाबादचा फोन नंबर होता. मोबाइलमध्ये बॅलन्स नव्हता म्हणून नवनाथने कोपऱ्यावरच्या बूथवरून तो लावला. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईने उचलला. भागीबाई बोलतेय, म्हणाली.

“मावशी, मंगळू आहे का?”

“कोन मंगळू? असं कोनी नाय आमच्यात. दोन ल्योक हायेत माझे, दोगं बी मळ्यात गेल्यात.”

“क्रिकेट खेळायचा तो. सातपूरला.”

मागे कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती.

“बुटाचा जोड हाय बरं का एक,” बाई म्हणाली. “पांढरा. नऊ नंबर. आमच्यात कोनाच्याच पायाला व्हत नाय. किती येळा टाकून द्यावं म्हनलं, पन हात व्हत नाय बघा. तुमचा हाय का?”

नवनाथने फोन ठेवला. पैसे देऊन तो बाहेर आला आणि तसाच पुन्हा आत गेला, कारण सुटे घ्यायचे राहिले होते. आणि खरं सांगायचं तर छातीत जे धडधडत होतं, त्यात भीती किती आणि शोध लागल्याचा आनंद किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

५

रात्रीच्या जेवणाआधी त्याने मंगळूचे शेवटचे सामने एका ओळीत मांडले. प्रत्येक सामन्यात मंगळू आधी स्वतःच्या नावावर खेळला होता आणि मग लहानूच्या जागी. स्वतःच्या नावावर त्याला मिळालेले चेंडू असे होते: अकरा, नऊ, सहा, तीन, शून्य.

शून्याच्या दिवशी लहानूने नाबाद एकोणतीस केल्या होत्या. त्यानंतर मंगळूचं नाव कुठंच नव्हतं.

मग त्याने समाधानचे सामने मांडले. बारा, दहा, सात, पाच, दोन.

ती ओळ घेऊन तो समाधानकडे गेला. समाधान ओट्याजवळ आईला कोथिंबीर निवडून देत होता.

“परवा तू खेळू नको,” नवनाथ म्हणाला.

“फायनल आहे दादा.”

“हे बघ. तुझे चेंडू कमी होतायत. दर सामन्यात.”

समाधानने कागद बघितला. “मग? स्ट्राइक नाही मिळाला. यात काय?”

“मंगळूचे असेच झाले होते.”

“परत मंगळू!” समाधान हसला. मग भावाचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. “बरं, असं करू. शेवटच्या जोडीला मलाच घेतलं ना, तर तू नाव पुकारू नको. म्हण, जागा रिकामी. खूश? हरलो तर मात्र पोरांना तूच तोंड द्यायचं.”

हे नवनाथला पटलं. नाव पुकारणं त्याच्याच हातात होतं. आपण फक्त तोंड बंद ठेवायचं. त्या रात्री तो शांत झोपला.

६

रविवारी यशोदाबाईंनी दोघा पोरांच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि दोघं एकाच स्कूटरवर निघाले.

गोदाम खच्चून भरलं होतं. बसायला जागा नाही म्हणून लोक जाळीला नाकं लावून उभे होते. कॅम्पच्या जवानांनी एकशे अठरा ठोकल्या. गोदाम इलेव्हनची पहिली जोडी जोरात खेळली. दुसऱ्या जोडीत जीवन आणि समाधान होते. जीवनने एकवीस काढल्या आणि सगळे चोवीस चेंडू त्यानेच खेळले. कधी दोन धावा, कधी मागच्या जाळीवर चौकार, षटकाच्या शेवटच्या चेंडूला नेमकी एक. दर वेळी स्ट्राइक त्याच्याकडेच.

“सॉरी रे, तुला बॅटच लावायला मिळाली नाही,” बाहेर येताना जीवन म्हणाला.

नवनाथने समाधानच्या नावापुढे शून्य लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिसरी जोडी संपली तेव्हा धावा झाल्या होत्या चौऱ्याऐंशी. शेवटच्या जोडीला जिंकायला पस्तीस हव्या होत्या. आतापर्यंत कुठल्याच जोडीने एवढ्या धावा केल्या नव्हत्या. निवृत्ती आत जाऊन उभा राहिला. जवानांच्या कप्तानाने गोदामच्या खेळाडूंवरून नजर फिरवली आणि बोट केलं.

“वो वाला. जिसने एक भी बॉल नहीं खेला.”

समाधानने हेल्मेट चढवलं आणि माळ्याकडे बघून डोळा मारला. पंचानेही वर बघितलं.

म्हण, जागा रिकामी. दोनच शब्द.

खालून पोरं ओरडायला लागली, “लहानू! लहानू! लहानू!” ब्लॉग वाचलेला न वाचलेला प्रत्येक जण ओरडत होता. पत्रा थरथरत होता, जाळी थरथरत होती, आणि नवनाथला काहीही न करता दिसत होतं: एकशे एकाहत्तर चेंडू आणि मागच्या सामन्याचे चौदा, कधीच बाद नाही. पस्तीस होणार. कुणालाही माहीत नव्हतं, फक्त त्याला माहीत होतं की पस्तीस होणार. त्याला भावाला थांबवायचं होतं, मनापासून थांबवायचं होतं. पण हे असं गोदाम, हा आरडाओरडा, हा आकडा पुन्हा कधी मिळणार होता? एकदा बघू तर दे, एवढंच त्याच्या मनात आलं.

“लहानू!” तो ओरडला. सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

पुढची चार षटकं त्याने आयुष्यात पाहिली नव्हती अशी होती. पहिल्या षटकात नऊ. दुसऱ्यात अकरा. हाका येत होत्या, “ये! ये!” आणि कोणाचं तोंड हलतंय हे बघायला सवड नव्हती. बुटांचे तीन ठेके आता लपत नव्हते, पण गोदामात कोणी ते ऐकतच नव्हतं. तिसऱ्यात आठ. शेवटच्या चेंडूला दोन हव्या होत्या.

चेंडू बाजूच्या जाळीत अडकला. दोघं पळाले. एक धाव पूर्ण झाली, दोघं वळले. निवृत्ती गोलंदाजाच्या टोकाकडे निघाला, समाधान यष्टिरक्षकापुढच्या यष्ट्यांकडे. मध्यावर दोघं एकमेकांना ओलांडून गेले. आणि नवनाथला दिसलं की यष्ट्यांपाशी कोणीतरी आधीच पोचलेलं आहे. पाठमोरं. बॅट मॅटवर टेकवून, सावकाश, घाई नसल्यासारखं. समाधान पळत पळत त्याच्यापर्यंत गेला आणि थांबला नाही.

ती पाठ वळायला लागली. मान माळ्याच्या दिशेने वर होऊ लागली.

क्षेत्ररक्षकाने घाईत फेकलेला चेंडू नवनाथच्या नाकासमोर जाळीवर धाडकन आदळला आणि त्याचे डोळे मिटले.

७

“जिंकलो!” माळ्यावरून उतरताना नवनाथ शिडीच्या शेवटच्या तीन पायऱ्या चुकला आणि तरी हसतच राहिला. निवृत्तीला चौघांनी खांद्यावर घेतलं होतं, जीवन रडत होता. सहाच्या सहा गडी एकमेकांच्या अंगावर पडले होते आणि सातवा नवनाथ त्यांच्यावर पडला. सहा जणांनी जवानांना हरवलं! सहा जणांनी आणि लहानूने!

धीर कुठला निघायला. तो स्कूटर काढून थेट सायबर कॅफेत गेला. बोटं कीबोर्डवर नाचत होती. ‘पस्तीस! नाबाद! दोनशेव्या चेंडूकडे वाटचाल!’ एवढी उद्गारचिन्हं त्याने वर्षभरात दिली नव्हती.

तक्ता उतरवताना दुसऱ्या जोडीत तो अडखळला. जीवन, एकवीस. त्याच्यापुढे समाधान, शून्य धावा, शून्य चेंडू. अक्षर त्याचंच होतं.

कोण हा?

त्याने खेळाडूंची यादी उघडली. या नावाचं एक पानही होतं. पंधरा सामने, थोड्याफार धावा, बऱ्यापैकी झेल. नवनाथने ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. घराची कडी नीट लावली की नाही, असं रस्त्यात मध्येच वाटतं, तसं काहीतरी क्षणभर वाटलं. पण कॅफेवाला पोरांच्या विजयाचे पेढे वाटायला लागला होता आणि मोबाइल सारखा वाजत होता. कधीतरी गडबडीत चुकीची नोंद झाली असणार. ज्या नावाशी चेहरा जुळत नाही ते आकडे ठेवायचे नाहीत. तपासणीचं काम करणाऱ्या माणसाला एवढी शिस्त हवीच.

हे पान कायमचं काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. नवनाथने ‘हो’वर टिचकी मारली आणि पेढा तोंडात टाकला.

८

घराच्या वळणावरूनच तो हॉर्न वाजवत आला. यशोदाबाई ओला हात पदराला पुसत दारात आल्या.

“जिंकलो आई! जवानांना हरवलं! लहानूच्या जोडीने पस्तीस काढल्या!”

“बाई गं!” त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मग त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली, स्कूटरच्या रिकाम्या सीटवर.

“एकटाच आलास?”

“मग? अजून कोण यायचं होतं?”

नवनाथ आत गेला, हातपाय धुतले, पाटावर बसला, पहिल्या षटकापासून सगळं सांगायला लागला. सांगता सांगता त्याने दोनदा हाक मारली, ताट वाढ म्हणून. यशोदाबाई दारातच उभ्या होत्या, रस्त्याकडे बघत, एक हात कडीवर ठेवून.

“काय झालं आई?”

“काही नाही रे,” त्या म्हणाल्या. “कुणाला तरी हाक मारायची होती. नावच आठवेना.”